शेवटचे आठवडे बाळाचे आहेत, ते त्याला पुरते मिळू द्या

वाचकाचे पत्र

मी तीस वर्षांची असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. सध्या ३१ वा आठवडा सुरू आहे. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो आणि माझी नोकरी ऐरोलीला आहे. त्यामुळे रोज रिक्षा किंवा बसने ठाणे स्टेशन आणि तिथून पुढे लोकल असा प्रवास होतो. साखरेची तपासणी व्यवस्थित आली, हिमोग्लोबिन मात्र ९.४ आहे. सासूबाई म्हणतात की नवव्या महिन्यात बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते शांत होते, त्याची काळजी करायची नसते. शिवाय आता जेवण बेताचे ठेवावे, म्हणजे बाळ फार मोठे होणार नाही आणि सिझर टळेल. सासरे आणि मोठे दीर यांनी मात्र ओळखीच्या गुरुजींकडून सिझरसाठी एक चांगला दिवस काढून आणला आहे. तो ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी येतो. बाळ पाचव्या महिन्यातच तयार होते, पुढे नुसते वजन वाढते, मग दोन-तीन आठवडे आधी झाले तर काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे आहे. आईला वाटते की मी कराडला माहेरी यावे, पण आठव्या महिन्यात प्रवास करू नये आणि आठव्यातले बाळ जगत नाही, असेही तीच सांगते. रात्री दोन-तीनला जाग येते आणि काहीतरी वाईट होईल असे वाटत राहते. मी कोणाचे ऐकावे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातले बहुतेक प्रश्न ज्या एका समजुतीवर उभे आहेत, तिच्यापासूनच सुरुवात करते. पाचव्या महिन्यापर्यंत बाळाचे हात-पाय, हृदय, मूत्रपिंडे, चेहरा हे सारे आकाराला आलेले असते आणि त्या सुमाराच्या सोनोग्राफीत डॉक्टर ते दाखवतातही. त्यामुळे ‘बाळ तयार झाले’ असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखादा अवयव दिसू लागणे आणि तो अवयव बाहेरच्या जगात स्वतःच्या बळावर काम करू लागणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर कापण्याचे काम नेमके या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे साधारण २८ व्या आठवड्यापासून ४० व्या आठवड्यापर्यंत, चालू असते. वजन वाढते हे खरेच आहे. २८ व्या आठवड्यात सुमारे एक किलोचे असलेले बाळ दिवस भरेपर्यंत आपल्याकडे बहुधा अडीच ते साडेतीन किलोंच्या दरम्यान पोहोचते. पण वजन ही या काळातली केवळ बाहेरून मोजता येणारी गोष्ट आहे.

फुप्फुसांचेच पाहा. पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून (प्लॅसेंटातून) नाळेवाटे मिळतो आणि त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मल्यावर काही क्षणांत हा द्रव बाजूला सरून तिथे हवा शिरायला हवी, आणि श्वास सोडल्यानंतर आतल्या लाखो नाजूक वायुकोशांच्या भिंती, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तशा, एकमेकींना चिकटून बसता कामा नयेत. हे चिकटणे टाळण्यासाठी फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ तयार होतो. त्याची निर्मिती २४ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होत असली, तरी पुरेसा साठा होण्यास बहुतेक बाळांना ३५ वा आठवडा उजाडतो आणि काहींना त्याहूनही अधिक वेळ लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासासाठी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावे लागते, त्याचे मुख्य कारण हेच असते. म्हणूनच, प्रसूती ३४ आठवड्यांच्या आत होण्याची भीती निर्माण झाली, तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, जेणेकरून बाळाच्या फुप्फुसांची परिपक्वता लवकर व्हावी. असा प्रसंग आला आणि कोणी ‘स्टेरॉइड नको’ असे म्हणाले, तर त्यांना हे कारण समजावून सांगा.

मेंदूची गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते, कारण ती सोनोग्राफीच्या कागदावर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ३५ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन हे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जवळपास दोन-तृतीयांश इतकेच असते. याचा अर्थ, शिल्लक एक-तृतीयांश वाढ अखेरच्या चार-पाच आठवड्यांत होते आणि याच काळात मेंदूच्या पृष्ठभागावरील घड्या खोल होत जातात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एका लयीत करता येणे हेदेखील मेंदूचेच काम आहे. ते ३४ व्या आठवड्याच्या आसपास जमू लागते आणि पुढे पक्के होते. म्हणून थोडे लवकर जन्मलेले बाळ वजनाने चांगले दिसले, तरी अंगावर पिताना लवकर दमते, झोपी जाते आणि आईला वाटते की आपल्यालाच दूध नाही.

त्वचेखाली चरबीचा थर साठतो तोही आताच, आणि त्या चरबीवर बाळाचे जन्मानंतरचे तापमान अवलंबून असते. बाळ आपल्या यकृतात लोहाचा साठा करते. तो त्याला पहिले चार ते सहा महिने पुरायचा असतो, कारण आईच्या दुधात लोह थोडेच असते. तुमच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रतिपिंडेही वारेतून बाळाकडे मुख्यतः याच तिमाहीत जातात. डांग्या खोकल्याला प्रतिबंध करणारी टीडॅप लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्यावी असे म्हणतात, ते या कारणासाठीच. आईने तयार केलेली प्रतिपिंडे बाळ जन्मताना सोबत घेऊन येते. ही लस आणि फ्लूची लस याबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. तुमच्या बाळाचे डोळे आता उघडू लागले आहेत आणि त्याला ऐकूही येते. तुमचा आवाज ते रोज ऐकत आहे आणि जन्मानंतर तो ओळखीचा वाटावा इतपत त्याची सवय त्याला होते.

आता मुहूर्ताबद्दल. सासऱ्यांची आणि दिरांची भावना मी समजू शकते. नातवंडाच्या आयुष्याची सुरुवात शुभ वेळी व्हावी, यात वाईट काहीच नाही. परंतु वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सिझेरियन करू नये, हा जगभरातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वीकारलेला नियम आहे, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. कळा सुरू झाल्या की आई आणि बाळ या दोघांच्या शरीरात काही संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या प्रभावामुळे बाळाच्या फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊ लागतो. कळा न येता ३७ व्या आठवड्यात पोट उघडून बाळ बाहेर काढले, तर धाप लागणे, श्वास जलद चालणे, एनआयसीयूत दाखल करावे लागणे हे प्रकार ३९ व्या आठवड्याच्या तुलनेत बरेच अधिक आढळतात. कावीळ आणि दूध ओढण्यातील अडचणीही अधिक दिसतात. त्यात भर म्हणजे दिवसांची मोजणी काटेकोर असतेच असे नाही. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून ठरवलेली तारीख बऱ्यापैकी अचूक असते, पण ती सोनोग्राफी झाली नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर आपण ज्याला ३७ वा आठवडा म्हणतो तो प्रत्यक्षात ३६ वा किंवा ३५ वाही असू शकतो. शिवाय सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर चिकटण्यासारखे धोके त्यातून वाढतात.

रक्तदाब वाढला, बाळाची वाढ खुंटली, गर्भजल फार कमी झाले किंवा वारेचा रक्तपुरवठा मंदावला, तर डॉक्टर स्वतःच ३७ व्या आठवड्यात किंवा त्याही आधी प्रसूती करायला सांगतील आणि तेव्हा मुळीच मागे हटू नका, कारण त्या वेळी बाळ बाहेर असणेच अधिक सुरक्षित असते. गरज असताना केलेले सिझेरियन हे प्राण वाचवणारे असते. निर्णय गरजेवरून व्हावा, पंचांगावरून होऊ नये, इतकेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. घरात वाद घालण्याचा भार तुम्ही एकटीने उचलू नका. पुढच्या तपासणीला पतींबरोबर सासऱ्यांनाही घेऊन जा आणि त्यांनी स्वतः डॉक्टरांना प्रश्न विचारावा असे सुचवा. वडीलधाऱ्यांना सुनेपेक्षा डॉक्टरांकडून नकार ऐकणे सोपे जाते. गुरुजींकडून मुहूर्त घ्यायचाच असेल, तर तो बारशाचा काढून घ्यावा, म्हणजे त्यांचाही मान राहील.

सातव्यातले बाळ जगते आणि आठव्यातले जगत नाही, या आईच्या समजुतीचे मूळ फार जुने आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर असते असे आयुर्वेदात म्हटले आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठव्या महिन्यातील जन्म अशुभ मानला जाई. प्रत्यक्षात मात्र पोटात मिळालेला प्रत्येक अधिकचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, त्यामुळे आठव्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची आणि निरोगी राहण्याची शक्यता सातव्यातल्या बाळापेक्षा निश्चितच जास्त असते. आईला हे सांगा आणि तिच्या मनावरचे ओझे उतरवा, कारण मला वाटते की रात्री तुम्हाला जी भीती वाटते तिच्यात या वाक्याचाही वाटा असावा.

यापुढचे मी अधिक काळजीने लिहिते आहे आणि तुम्हीही ते घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे, अशी विनंती आहे. नवव्या महिन्यात बाळ शांत होते, हे खरे नाही आणि त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. बाळाच्या हालचाली साधारण ३२ व्या आठवड्यापर्यंत वाढत जातात आणि त्यानंतर प्रसूतीपर्यंत जवळपास तेवढ्याच राहतात. जागा कमी झाल्याने त्यांचे स्वरूप बदलते, जोरदार लाथेऐवजी वळणे, सरकणे, कोपर किंवा टाच रेटणे असे जाणवते. परंतु हालचाल कमी होणे किंवा थांबणे हा नवव्या महिन्याचा स्वभाव नव्हे. वारेतून मिळणारा पुरवठा अपुरा पडू लागला, की बाळ आपली शक्ती वाचवण्यासाठी हालचाल कमी करते, आणि काही वेळा आईला मिळणारी ही एकमेव पूर्वसूचना असते.

दर तासाला मोजत बसायचे नाही. प्रत्येक बाळाची स्वतःची एक चाल असते; कोणी जेवणानंतर जोर करते, कोणी आई आडवी झाली की जागे होते. ही चाल तुम्हाला एव्हाना कळू लागली असेल, नसेल तर या आठवड्यापासून रोज रात्री जेवणानंतर थोडा वेळ कुशीवर पडून तिच्याकडे लक्ष द्या. पोटातले बाळ एका वेळी साधारण वीस ते चाळीस मिनिटे झोपते, दीड तासाहून अधिक क्वचितच, त्यामुळे थोडा वेळ शांतता असेल तर घाबरू नका. नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर डाव्या कुशीवर निवांत पडा, फोन बाजूला ठेवा आणि दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्या. तेवढ्या वेळात दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. हालचाल पूर्णपणेच थांबल्यासारखी वाटली, तर दोन तासही थांबू नका. गोड खा, गार पाणी प्या आणि सकाळपर्यंत वाट पाहा, असे कोणी सुचवले तर ते मानू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या ठोके ऐकण्याच्या यंत्रावरही विसंबू नका. त्यात अनेकदा आईचीच नाडी किंवा वारेतील रक्तप्रवाह ऐकू येतो आणि खोटा धीर मिळतो. रुग्णालयात एनएसटी ही तपासणी करून बाळाच्या ठोक्यांचा आलेख पाहतील, गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. सगळे ठीक निघाले तर आनंदाने घरी या, आणि पुन्हा तसेच वाटले तर पुन्हा जा. त्या फेरीची लाज वाटून घेऊ नका. कोणत्याही समजूतदार डॉक्टरांना तुमचे असे जाणे त्रासाचे वाटत नाही.

जेवण कमी करण्याबद्दल माझे मत ठाम आहे: करू नका. तुमची साखर व्यवस्थित आहे, त्यामुळे बाळ अवाजवी मोठे होण्याचे मोठे कारण तुमच्या बाबतीत नाही. जेवण कमी केल्याने प्रसूती सोपी होत नाही. बाळ कमी वजनाचे होण्याची आणि तुम्ही अशक्त राहण्याची शक्यता मात्र वाढते. पोषणतज्ज्ञ या काळात नेहमीपेक्षा रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक आणि प्रथिने सुमारे २२ ग्रॅम अधिक घ्यावीत असे सांगतात. दोन जणांचे जेवण जेवण्याएवढे हे नव्हे. एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे आणि एखादी भाकरी इतक्यात ते भागते. गर्भाशय वर सरकल्याने जठराला जागा कमी पडते, त्यामुळे एकदम पोटभर जेवल्यास छातीत जळजळते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे-थोडे खाणे तुम्हाला सोसेल. मासे खात असाल तर बांगडा, मांदेली असे लहान मासे खुशाल खा, मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, कारण त्यांत पारा साठतो. वाटीभर तूप पिऊन बाळ सहज सरकते किंवा केशराच्या दुधाने गोरे होते, यांत तथ्य नाही. एरंडेल घेऊन कळा आणण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

तुमच्या हिमोग्लोबिनकडे मात्र आतापासूनच गांभीर्याने पाहायला हवे. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के, गर्भवतींत तो आढळला होता. म्हणजे तुम्ही एकट्या नाही, पण म्हणून ते चालण्यासारखे आहे असेही नाही. प्रसूतीत थोडे रक्त सर्वांचेच जाते; ९.४ वरून सुरुवात करणाऱ्या स्त्रीला तेवढेही जड जाऊ शकते. लोहाच्या रोजच्या एका गोळीऐवजी उपचाराची वाढीव मात्रा हवी का, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा आणि महिन्याभराने तपासणी पुन्हा करा. आकडा हलला नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि त्यासाठी अजून वेळ आहे. गोळी घेताना ती चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासूनही ती दोन तास दूर ठेवा. लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू यांच्यासोबत घेतल्यास ती अधिक अंगी लागते. शौचास काळी होणे अपेक्षितच आहे. बद्धकोष्ठ होत असेल, तर गोळी बंद न करता पाणी आणि पालेभाजी वाढवा व डॉक्टरांकडून गोळीचा प्रकार बदलून घ्या.

पाण्यावरून तुमच्या प्रवासाकडे वळते. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंतच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा नेम नसतो, आणि वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह सापडत नाही म्हणून नोकरी करणाऱ्या अनेक गर्भवती सकाळपासून पाणीच पीत नाहीत. खड्ड्यांच्या धक्क्यांनी बाळाला इजा होईल, अशी धास्ती घरच्यांना असते. गर्भजलात तरंगणारे बाळ त्या धक्क्यांपासून चांगले सुरक्षित असते, तुमची कंबर मात्र दुखेल. खरा धोका पाणी न पिण्याचा आणि लघवी तासन्‌तास रोखून धरण्याचा आहे. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तो संसर्ग वेळेपूर्वी कळा सुरू होण्याचे एक ओळखीचे कारण आहे. लघवीला जळजळ, कुंथणे, ताप किंवा ओटीपोटात राहून-राहून आवळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या. लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून गर्भवतींनाही प्रवास करता येतो, तो मार्ग वापरा. शक्य असल्यास कामाची वेळ गर्दीपासून हलवून घ्या किंवा काही दिवस घरून काम मागा. ज्यांनी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केले आहे, त्यांना पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. सगळी रजा बाळासाठी राखून ठेवण्याचा मोह मी समजते. तरीही या प्रवासाचा विचार करता ३५-३६ व्या आठवड्यानंतर रोजची ये-जा थांबवावी, असे मी सुचवेन.

झोपताना कुशीवर झोपा, डावी असो वा उजवी. उताणे झोपल्यास जड गर्भाशय मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणते. २८ व्या आठवड्यानंतर झोपी जातानाची स्थिती महत्त्वाची असते. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले, तर फक्त कूस बदला, त्याने घात झाला असे समजू नका. संध्याकाळी पायांवर येणारी आणि सकाळी उतरणारी सूज बहुतेकींना असते. चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणे किंवा अंधुक दिसणे, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखणे ही मात्र रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तळहात-तळपायांना पुरळ नसताना रात्री असह्य खाज सुटली, तर यकृताची तपासणी करावी लागते, तेही सांगून ठेवते. कंबरदुखीसाठी औषधांच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका. या गोळ्यांमुळे शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते.

माहेरी जावे की नाही, हा निर्णय तुमचा आहे. आईजवळ असण्याने तुमची झोप आणि मन सुधारणार असेल, तर ते लहान कारण नाही. जायचे ठरले तर ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जा, ३६ व्यानंतर नको. जाण्याआधी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवा आणि त्या रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ येतात का, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग किती जवळ आहे, हे पतींनी आधी जाऊन पाहून यावे. सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास गाडीने, दर दीड-दोन तासांनी उतरून, पाच-दहा मिनिटे चालून करा, कारण सलग बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या काळात वाढलेला असतो. सीटबेल्ट लावाच, खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांच्या वर आणि वरचा पट्टा छातीच्या मधून. सगळे रिपोर्ट असलेली फाइल डिकीत न ठेवता हाताशी ठेवा.

रात्रीची भीती तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिली आहे, पण ती मला तितकी छोटी वाटत नाही. पहिल्या बाळंतपणात असे विचार बहुतेकींना येतात, आणि ते कोणाजवळ बोलल्याने हलके होतात; पतींना ते नेमक्या शब्दांत सांगा. परंतु हे रोजच होत असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना स्पष्टपणे सांगा. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

प्रसूती ठाण्यातच करायची ठरली, तर एक तयारी आधी करून ठेवा. घोडबंदर रस्त्यावर रात्री अवजड वाहने असतात आणि संध्याकाळी मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत गाड्या खोळंबतात. तेव्हा गर्दीच्या वेळी घरापासून रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो, ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा. दर पाच मिनिटांनी येणाऱ्या, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर चालू राहिल्या तर निघा. पहिल्या बाळंतपणात त्यानंतरही बहुधा बरेच तास हाताशी असतात. पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असेल, अंगावरून रक्त गेले, किंवा ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी नियमित कळा आल्या, तर मात्र कळा मोजत न बसता लगेच निघा. गाडी मिळण्यास उशीर होणार असेल तर १०८ ला फोन करा आणि निघतानाच रुग्णालयालाही कळवा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांची तयारी झालेली असेल.